इपॉक्सी रेझिन कशाला चिकटतं, कशाला नाही? साचा आणि खालचा पृष्ठभाग कसा निवडावा?

पानफूल

नमस्कार मंडळी. वाळवलेली पानंफुलं इपॉक्सी रेझिनमध्ये (रेझिन आणि हार्डनर हे दोन द्रव मिसळले की घट्ट होणारं पारदर्शक प्लास्टिक) घालून कोस्टर, पुस्तकखुणा, चावीच्या साखळ्या असं करते. हात बराच बसला आहे, पण साच्यांच्या बाबतीत दोन गोष्टी उलगडत नाहीत, म्हणून विचारते.

एक म्हणजे, सिलिकॉनच्या दोन साच्यांत एकाच कपातलं रेझिन एकाच वेळी ओतलं. एकातला कोस्टर लख्ख चमकदार निघाला, दुसऱ्यातला धुरकट. प्रमाण तेच, ढवळणं तेच, खोलीही तीच. मग हा फरक आला कुठून?

दुसरं, आता एक मोठा ट्रे करायचा आहे. ४५ सेंमी बाय ३० सेंमी, जाडी २ सेंमी. या मापाचा तयार साचा मनासारखा मिळत नाही, म्हणून चौकट उभी करायचा विचार आहे. माझ्याकडे प्लायवूडचा तुकडा, जाड काच आणि अ‍ॅक्रिलिकचा पत्रा आहे. काच सगळ्यात गुळगुळीत, तेव्हा तिच्यावरून रेझिन सहज सुटेल असं वाटतं. बरोबर आहे का? की आधी तेल किंवा पेट्रोलियम जेली लावायची? आणि टेबलावर अंथरायला काय चांगलं, बेकिंग पेपर, प्लास्टिक की सिलिकॉनची चटई?

साचेकार

पानफूल ताई, आधी एकच सांगतो: काचेवर थेट ओतू नका. उघड्या काचेला इपॉक्सी इतकं घट्ट धरतं की जोर लावून उपटायला गेलं तर रेझिनबरोबर काचेची कपचीही निघून येते. ट्रे जातो, काच जाते आणि हातालाही इजा होते.

तुमच्या दोन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. रेझिन सुटणार का, हे साचा कशाचा बनलाय त्यावर ठरतं. रेझिन चमकणार का, हे साचा किती गुळगुळीत आहे त्यावर ठरतं. या दोन गोष्टी एकमेकींवर अवलंबून नाहीत, पण आपण त्या नेहमी एकत्र धरतो आणि मग काच ‘सुटणारी’ वाटायला लागते.

आधी सुटण्याचं बघू. कुठलाही द्रव एखाद्या पृष्ठभागावर पसरणार की गोळा होऊन बसणार, हे त्या पृष्ठभागाच्या ऊर्जेवर ठरतं. ओल्या इपॉक्सीचा पृष्ठताण मिलिन्यूटन प्रति मीटरमध्ये मोजला तर साधारण ४० च्या वर भरतो. टेफ्लॉनची पृष्ठऊर्जा त्याच मापात १८ ते २०, सिलिकॉनची २० ते २२, पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलीनची ३० च्या आसपास. स्वच्छ काच आणि धातू यांची कितीतरी जास्त, शेकड्यांत. आपल्यापेक्षा कमी ऊर्जेच्या पृष्ठभागाला रेझिन नीट भिजवू शकत नाही, अळवावरच्या पाण्यासारखं वरवर राहतं. त्यात पॉलिथिनच्या रेणूत नुसता कार्बन आणि हायड्रोजन असतो, म्हणजे इपॉक्सीला रासायनिक पकड घ्यायला तिथे काही सापडतच नाही. काच, लाकूड, कागद, धातू यांच्यावर मात्र पकडीच्या जागाच जागा.

म्हणून लक्षात ठेवायची नावं मोजकीच: सिलिकॉन, पॉलिथिन, पॉलिप्रॉपिलीन, टेफ्लॉन. हातात आलेली वस्तू यांपैकी कशाची नसेल, तर रेझिन तिला चिकटणार असं धरूनच पुढचं ठरवा.

घरातलं प्लास्टिक ओळखायचं असेल तर त्याच्या तळाला त्रिकोणात छापलेला आकडा बघा. २ म्हणजे जाड पॉलिथिन, ४ म्हणजे मऊ पॉलिथिन, ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. हे तिन्ही आपल्या उपयोगाचे. १ म्हणजे पाण्याच्या बाटलीचं पीईटी, ३ पीव्हीसी, ६ पॉलिस्टायरीन, ही साच्यासाठी घेऊ नका. ६ नंबरचं पारदर्शक कडक झाकण दिसायला छान गुळगुळीत असतं, पण रेझिन त्याला धरून बसतं. १ आणि ३ नंबरची पातळ खोकी तर चिकटण्याआधीच वाकतात, कारण रेझिन घट्ट होताना तापतं आणि ही प्लास्टिकं ७० ते ८० अंशांच्या आसपासच नरम पडतात.

एक बारकावा यातच सांगून ठेवतो, कारण तो कुठे लिहिलेला नसतो. छपाई केलेली पॉलिथिनची पिशवी अंथरू नका. पॉलिथिनवर शाईसुद्धा धरत नाही, म्हणून छापायच्या आधी त्या बाजूवर विजेची किंवा ज्योतीची प्रक्रिया करून तिची पृष्ठऊर्जा मुद्दाम वाढवलेली असते. शाई धरते तसं मग रेझिनही धरतं. साधी, कोरी, जाड पिशवी घ्या.

शंका असेल तर पृष्ठभागावर पाण्याचा थेंब टाका. थेंब फुगीर, गोल राहिला आणि तिरपं केल्यावर घरंगळला तर आशा आहे. पसरून चपटा झाला तर ती वस्तू बाजूला ठेवा. खात्री मात्र एकाच गोष्टीने होते: कोपऱ्यात बोटभर रेझिन ओतायचं, २४ तास ठेवायचं आणि नखाने उचलून बघायचं. मोठं काम ओतण्याआधी एवढं कराच.

आता तुमचा धुरकट कोस्टर. सिलिकॉन समोरच्या वस्तूची इतकी हुबेहूब नक्कल करतं की ज्या मूळ नमुन्यावरून साचा घेतला त्याच्यावरचे पॉलिश पेपरचे ओरखडेसुद्धा साच्यात उतरतात, आणि साच्यातून प्रत्येक कोस्टरवर. तुमचे दोन्ही साचे रिकामे करून खिडकीशी धरा आणि आतल्या तळात उजेड कसा परततो ते बघा. एकात खिडकीच्या गजांची रेघ स्पष्ट दिसेल, दुसऱ्यात नुसता पांढुरका उजेड. साचा निवडताना रंग आणि आकार नंतर, आधी हे बघायचं. रेझिन कितीही चांगलं असलं तरी मॅट साच्यातून चमक निघत नाही.

मुळात चकचकीत असलेला साचाही कायमचा तसा राहत नाही. हार्डनरमधली अमाइन्स नावाची रसायनं थोडी थोडी सिलिकॉनमध्ये मुरतात आणि रेझिनच्या उष्णतेने पृष्ठभाग दर वेळी जरा जरा खराब होतो. आधी चमक जाते, मग सुटताना ओढ लागायला लागते, शेवटी कडा फाटतात. त्यामुळे एक काम काढल्यावर साच्याला दिवसभर मोकळं राहू द्या. रेझिन फार तापेल एवढं एकदम कधी ओतू नका, जाड काम असेल तर जाड ओतकामासाठीच बनवलेलं संथ रेझिन घ्या. आत बसलेली धूळ पॅकिंग टेपने टिपून काढा, ब्रशने किंवा घासणीने घासू नका. अ‍ॅसिटोनमध्ये बुडवू नका, सिलिकॉन फुगतं. आणि साचे सपाट ठेवा. घडी पडलेला साचा पुढे वाकडेच कोस्टर देतो.

धुरकट झालेला कोस्टर मात्र वाया जात नाही. वरून पातळ रेझिनचा एक हात द्या, किंवा पाणी लावून बारीक पॉलिश पेपरने ४०० पासून चढत ३००० पर्यंत घासा आणि पॉलिश पेस्टने चमकवा. दुसऱ्या पद्धतीला वेळ लागतो, पण कडा जास्त धारदार राहतात. मला स्वतःला तीच आवडते.

अंथरायच्या गोष्टींचं थोडक्यात. सिलिकॉनची चटई सगळ्यात उत्तम, सांडलेलं रेझिन तसंच सुकू द्यायचं आणि दुसऱ्या दिवशी सालासारखं ओढून काढायचं, ओलं असताना पुसत बसायचं नाही. सिलिकॉनचा थर दिलेला बेकिंग पेपर सुटतो, पण सुरकुत्या पडतात आणि त्या सुरकुत्या रेझिनच्या तळावर उमटतात, म्हणून तो टेबल वाचवायला ठीक, कामाच्या तळाला नाही. नुसता मेणाचा कागद घेऊ नका, उष्णतेने मेण वितळतं आणि मग कागदच चिकटतो. हीट प्रेसवर वापरतात ती टेफ्लॉनची तपकिरी शीट वर्षानुवर्षं चालते, फक्त तिच्या विणीची जाळी तळावर दिसते.

तेल लावू नका. ते थेंबाथेंबाने गोळा होतं आणि प्रत्येक थेंबाचा खड्डा कामावर राहतो. पेट्रोलियम जेलीचंही तसंच, ब्रशचे फटकारे जसेच्या तसे उमटतात. चौकटीच्या बाहेरच्या सांध्यांवर, स्क्रूच्या डोक्यांवर लावायला मात्र ती चांगली.

रंधा

साचेकारांनी वर म्हटलंय ते सगळं मान्य. मी लाकूड आणि रेझिनची टेबलं करतो, म्हणून मोठ्या चौकटीबद्दल लिहितो.

ताई, तुमच्या ट्रेचं गणित आधी करा. ४५ गुणिले ३० गुणिले २ म्हणजे २७०० घनसेंमी, म्हणजे २.७ लिटर. वजनात तीन किलोच्या आसपास. एवढं रेझिन एका जागी जमलं की चांगलंच तापतं. टेबलावर वरचा थर देण्याचं पातळ, झटपट घट्ट होणारं रेझिन एका वेळी जेमतेम ३ ते ६ मिमी ओतायचं असतं, ते इथे एकदम २ सेंमी ओतू नका. डब्यावर एका ओतकामाची जास्तीत जास्त जाडी दिलेली असते, ती बघूनच घ्या.

चौकटीसाठी माझी पहिली पसंती २ नंबरच्या जाड पॉलिथिनच्या पाट्या, म्हणजे एचडीपीई, निदान १२ मिमी जाडीच्या. मेण नाही, टेप नाही, काही नाही. काम झालं की स्क्रू काढायचे, कडा रबरी हातोडीने हलकेच ठोकायच्या, तुकडा खाली येतो. पण दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. ज्याला रेझिन चिकटत नाही त्याला गोंदही चिकटत नाही, त्यामुळे चौकट स्क्रूनेच जोडावी लागते, आधी भोक पाडून. आणि हे प्लास्टिक उष्णतेने खूप प्रसरण पावतं. पातळ पाटी घेतली तर मधोमध फुगते आणि ट्रेचा तळ पोटासारखा येतो. खाली सरळ, जाड फळी ठेवून तिला पाटी स्क्रूने आवळा.

पाट्या नाही मिळाल्या तर तुमचा प्लायवूड चालेल, पण उघडा नाही. त्यावर पारदर्शक किंवा खाकी पॅकिंग टेप लावा. ही टेप पॉलिप्रॉपिलीनची असते, त्यामुळे तिच्या पाठीला इपॉक्सी धरत नाही. मास्किंग टेप कागदाची, ती रेझिनमध्ये गुंतून बसते, नावं जवळची म्हणून गफलत करू नका. पट्ट्या एकमेकींवर अर्धा सेंमी चढवा, जुन्या कार्डाच्या कडेने दाबून हवा काढा. जिथे पट्टीवर पट्टी चढते तिथे तळावर केसाएवढी रेघ येते. ट्रेचा तळ दिसणार नसेल तर ती तशीच सोडा, दिसणार असेल तर घासून काढायची तयारी ठेवा.

खरी डोकेदुखी गळतीची. जाड ओतकामाचं रेझिन पाण्याएवढं पातळ वाटतं आणि तासन्‌तास पातळच राहतं, त्यामुळे दिसणार नाही एवढ्या फटीतूनही रात्रभरात निम्मं टेबलाखाली जाऊ शकतं. सांध्यांना सिलिकॉन सीलंट लावा आणि एक अख्खा दिवस वाळू द्या, ओल्या सीलंटला रेझिन लागलं तर तिथली कड चिकट राहते. सीलंट आतून लावलं तर ट्रेची खालची कड गोलसर येते. काटकोनी कड हवी असेल तर पाट्यांच्या चौकटीला ते बाहेरून लावा. मग चौकटीत आधी पाणी भरून तासभर ठेवा. गळालं नाही तर पूर्ण कोरडी करा, स्पिरिट लेव्हल दोन्ही दिशांनी लावा, आणि मगच रेझिन कालवा.

काचेचा हट्ट असेल तर मेणाची पद्धत आहे. फायबरग्लासवाले काचेवर कार्नोबा मेणाचे चार-पाच हात देतात, प्रत्येक हात पुसून चमकवतात, दोन हातांत तासाभराचं अंतर ठेवतात, आणि वर पीव्हीएचा (पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचा) पाण्यात विरघळणारा पापुद्रा देतात. ते लोक पातळ थर काढतात आणि कडेपासून सोलतात. २ सेंमी जाडीचा कडक ट्रे वाकत नाही, सोलता येत नाही. मेण अंगठ्याएवढ्या जागी लावायचं राहून गेलं की तिथेच तो अडकतो. मी तरी करणार नाही.

मापभांडं

कपांबद्दल कोणी बोललं नाही, म्हणून दोन ओळी. कालवायला ५ नंबरचे पॉलिप्रॉपिलीनचे कप घ्या. उरलेलं रेझिन त्यातच सुकू द्या, दुसऱ्या दिवशी कप दाबला की आतली चकती टचकन सुटते आणि कप पुन्हा वापरात. कागदी कपाचा आतला थर खरवडला जाऊन तंतू रेझिनमध्ये येतात.

आणि फुलांचं काम हाताने करताना नायट्राइलचे हातमोजे घाला. ओलं इपॉक्सी वारंवार कातडीला लागलं तर अ‍ॅलर्जी बसू शकते आणि एकदा बसली की जात नाही. हाताला लागलं तर साबण-पाणी. अ‍ॅसिटोनने पुसू नका, त्याने कातडीवरचं तेल जातं आणि रेझिन आणखी आत शिरतं.

पानफूल

सगळ्यांचे मनापासून आभार. साचे खिडकीशी धरून बघितले. साचेकार म्हणाले तसंच, चमकदार कोस्टरच्या साच्यात गज दिसतात, दुसऱ्यात नाही. आता हे बघितल्याशिवाय साचा घेणार नाही.

चौकट एचडीपीईची करायचं ठरवलं. अजून दोन शंका. अ‍ॅक्रिलिकच्या पत्र्याचं काय करू, साच्याच्या तळाला वापरता येईल का? आणि हा ट्रे जमला तर तसेच आणखी करायचे आहेत, तर त्या मापाचा सिलिकॉनचा साचा घरी करणं परवडेल का?

साचेकार

अ‍ॅक्रिलिक तळाला नको. इपॉक्सी त्याला धरतं. पण तुमच्या दुसऱ्या शंकेचं उत्तर त्याच पत्र्यात आहे. साचा म्हणून निरुपयोगी असलेलं अ‍ॅक्रिलिक साच्याचा मूळ नमुना म्हणून सगळ्यात चांगलं. सिलिकॉन त्याला चिकटत नाही आणि त्याची चमक जशीच्या तशी उचलतं. बाजारातले बरेच लख्ख साचे अशाच अ‍ॅक्रिलिकच्या नमुन्यांवरून काढलेले असतात.

ट्रेच्या आकाराचे तुकडे एकावर एक लावून २ सेंमीचा ठोकळा करा, कडा पॉलिश करा, आणि दुहेरी टेपने सपाट तळाला असा चिकटवा की खाली फट उरणार नाही. फट राहिली तर सिलिकॉन खाली शिरतं आणि साच्याच्या तोंडाशी पापुद्रा तयार होतो. भोवती २ सेंमी अंतर सोडून भिंत उभी करा, वरती सिलिकॉन १ सेंमी चढेल एवढी. हिशेब करा: ४९ गुणिले ३४ गुणिले ३ म्हणजे साधारण ५००० घनसेंमी, त्यातून ट्रेचे २७०० वजा. २३०० घनसेंमी सिलिकॉन लागेल, वजनात अडीच किलोच्या वर. एका ट्रेसाठी हे करू नका. सात-आठ तरी नक्की करायचे असतील तर करा.

घेताना दोन प्रकार दिसतील. टिनच्या (कथिलाच्या) उत्प्रेरकावर घट्ट होणारं सिलिकॉन हट्टी नसतं, कुठल्याही नमुन्यावर चालतं, पण थोडं आकसतं आणि काही वर्षांत आपोआप ठिसूळ होतं. प्लॅटिनमवर घट्ट होणारं जवळजवळ आकसत नाही आणि जास्त टिकतं, मात्र ते फार हळवं आहे. गंधक असलेली माती, लॅटेक्सचे हातमोजे, नीट न सुकलेलं रेझिन, थ्रीडी प्रिंटरचं रेझिन, यांपैकी काहीही लागलं की त्या जागी ते घट्टच होत नाही, चिकट लगदा राहतो. तुमचा नमुना अ‍ॅक्रिलिकचा आहे, म्हणजे प्लॅटिनमचं बिनधास्त घ्या, फक्त भिंतीचे सांधे भरायला गंधक नसलेली माती वापरा. आणि काचेच्या तळावर नमुना ठेवू नका. इतर कशालाही न चिकटणारं सिलिकॉन काचेला मात्र धरू शकतं. मेलामाइनचा गुळगुळीत थर दिलेली फळी घ्या.

कडकपणा शोअर ए मापात लिहिलेला असतो. ट्रेसारख्या सरळ आकाराला २५ ते ३० ठीक. १० ते १५ चं मऊ सिलिकॉन आत वळलेल्या, अडकणाऱ्या आकारांसाठी. मोठ्या साच्याला ते वापरलं तर रेझिनच्या वजनाने भिंती बाहेर झुकतात. तुमच्या ट्रेची लांब बाजू ४५ सेंमी आहे, तेव्हा ३० चं घेतलं तरी ओतताना दोन्ही लांब बाजूंना बाहेरून पट्ट्यांचा टेकू द्या.

सिलिकॉन ओतताना एका कोपऱ्यात, उंचावरून, बारीक धारेने ओता आणि ते आपोआप पसरत नमुन्यावर चढू द्या. बारीक धारेत बुडबुडे ताणून फुटतात.

पानफूल

कळलं. आधी चौकटीत एक ट्रे, मग पुढचं. शेवटचं एक: काढायचा कधी? कोस्टर मी दुसऱ्या दिवशी काढते.

रंधा

संथ रेझिन असेल तर दुसऱ्या दिवशी हातही लावू नका. डब्यावरची वेळ बघा, बहुतेकांची ४८ ते ७२ तास असते, आणि खोली २० अंशांच्या खाली असेल तर त्याहून जास्त. वरून नख दाबून बघा. खूण उमटत असेल तर थांबा. लवकर काढला तर ट्रे मधून वाकतो आणि वाकलेलाच कडक होतो. बाहेर काढल्यावरही आठवडाभर सपाट फळीवर पडू द्या, त्यावर काही गरम ठेवू नका.

स्क्रू काढल्यावर तळ सुटत नसेल तर स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका, पॉलिथिन मऊ असतं, खड्डा पडतो आणि पुढच्या प्रत्येक ट्रेवर उमटतो. प्लास्टिकची पाचर कडेला सरकवा आणि फटीत साबणाच्या पाण्याचे दोन थेंब सोडा. आत अडकलेली पोकळी मोकळी झाली की ट्रे स्वतःच वर येतो.